जीर्णोद्धार कीं जतन?

जैतापूरच्या खाडीवर, नाटे गांवीं, यशवंतगड उभा आहे. राजापूरच्या बंदराकडे जाणारी वाट राखणें हें त्याचें काम. तें १८१८ सालीं मराठ्यांचें राज्य गेलें तेव्हांच संपलें. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, यशवंतगड नाहीं. यादीबाहेरच्या अशा वास्तूंविषयीं आपलें कर्तव्य कोणतें?

आपल्या परंपरेचें उत्तर जीर्णोद्धार हें आहे. नवें देऊळ बांधण्याहून जुनें सावरण्याचें पुण्य अधिक मानलें गेलें. पण देवळांत देव असतो. पूजा चालू आहे तोंवर कौलें बदललीं, खांब बदलले, तरी देऊळ तेंच राहतें; कारण त्याचें स्वत्व दगडांत नसून उपासनेंत असतें. किल्ल्याचें तसें नाहीं. शिबंदी गेली, तोफा निमाल्या. उरला तो दगड. तोच बदलला तर शिल्लक काय राहिलें?

रस्किननें १८४९ मध्यें असाच आक्षेप घेतला होता. पुनरुद्धार हा त्याच्या मतें नाशाचाच एक प्रकार. उलटपक्षीं, व्हेनिसचा सेंट मार्कचा मनोरा १९०२ मध्यें कोसळला, तो १९१२ पर्यंत होता तसा, होता तेथेंच पुन्हां उभारण्यांत आला. त्यास कोणी खोटा म्हणत नाहीं. परंतु तो ज्यांनीं बांधला त्यांनीं मूळचा मनोरा डोळ्यांनीं पाहिला होता. यशवंतगडाचा नांदता दरवाजा पाहिलेला मनुष्य आज कोठें आहे? अंदाजानें बांधलेला बुरूज म्हणजे पूर्वजांच्या तोंडीं घातलेलें आपलेंच भाषण होय.

तथापि रस्किनचें मत कोंकणांत जसेंच्या तसें चालणार नाहीं. जुन्या गोव्यांत सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा मनोरा १९३१ मध्यें अर्धा ढासळला, आणि उरलेला अर्धा अद्याप उभा आहे, ही गोष्ट खरी. पण चार महिन्यांच्या पावसांत कोणतेंही भग्नावशेष आपोआप टिकत नाहींत. येथें हात न लावणें म्हणजे सावकाश पाडणेंच. (आळसाला तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला कीं तो फार दीर्घायुषी होतो!)

म्हणून आम्हांस वाटतें तें इतकेंच : पडलेला चिरा सांपडला तर जागीं बसवावा, नवा बसवावा लागला तर त्याचें नवेपण लपवूं नये, आणि सर्वांआधीं झाडें आवरावींत. तेंही जपून. भिंतींत रुजलेला पिंपळ उपटला तर त्याबरोबर भिंतही येते; खोड तोडून मूळ जागच्या जागींच मारावें लागतें.