पाठीला डोळे नसतात

काही प्रश्न इतके क्षुल्लक वाटतात की त्यांवर लेख लिहिताना लेखकाला संकोच व्हावा. प्रवासात छायाचित्रे काढण्यासाठी कॅमेरा ज्यात वाहायचा ती पाठीवरची सॅक कोणती घ्यावी, हा असाच एक प्रश्न. तो मला माझ्या भाच्याने विचारला. नोकरीचे पहिले काही पगार साठवून त्याने कॅमेरा घेतला होता आणि वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, लोणार असा बेत आखून तो वसईहून आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला आला होता. "मामा, तीन सॅक पाहून ठेवल्या आहेत. लहान, मधली आणि मोठी. तुम्ही इतकी वर्षे फोटो काढता आहात, तुम्हीच सांगा." मी त्याला तेथल्या तेथे काही उत्तर दिले. परंतु नंतर कित्येक दिवस तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्यात सॅकपेक्षा अधिक काही दडलेले आहे असे वाटू लागले, म्हणून हा प्रपंच.

प्रथम व्यवहाराचे बोलू. चांगल्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा हवा, म्हणजे भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो आणि दिवसभर चालता येते. कॅमेऱ्याच्या कप्प्याची चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडणारी असावी. त्यामुळे गर्दीत कोणी मागून हात घालू शकत नाही, आणि सॅक चिखलात आडवी ठेवली तरी पाठीला लागणारी बाजू स्वच्छ राहते. आतले मऊ पडदे हलवता येतील असे असावेत. पावसासाठी वरून घालायचे आवरण असावे, आणि ओलाव्याने लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. एवढे सांगून झाल्यावर आम्ही हिशेब मांडला. कॅमेरा आणि नेहमीची लेन्स मिळून दीड किलो, दूरचे टिपणारी जड लेन्स आणखी दीड किलो, तिपाई दीड-दोन किलो, मोठी सॅक रिकामीच दोन किलोंच्या घरात. त्यात पाण्याची बाटली आणि एखादा सदरा घातला की काटा आठ-नऊ किलोंवर जातो. आपल्याकडील विमानांत हातातल्या सामानाची सर्वसाधारण मर्यादा सात किलोंची आहे.

"मग जड लेन्स घरी ठेव," मी म्हणालो. त्यावर तो लगेच उत्तरला, "पण मामा, लागलीच तर?"

मला वाटते, मोठ्या सॅकचे मूळ या दोन शब्दांत आहे. 'लागलीच तर' या भीतीला अंत नाही. तिच्या पोटात दुसरी लेन्स मावते, दुसरा कॅमेरा मावतो आणि तरीही एक कप्पा रिकामा राहिल्याची रुखरुख उरतेच. सॅकचे माप आपण गरजेवरून ठरवतो असे म्हणतो खरे, पण पुष्कळदा ते काहीतरी हातचे निसटेल या धास्तीवरून ठरलेले असते. मात्र हा दोष भाच्याच्या माथी मारण्याचा अधिकार मला नाही. त्याचे कारण सांगतो.

१९९६ सालच्या डिसेंबरात मी अजिंठ्याला गेलो होतो. ते दिवस रिळाच्या कॅमेऱ्याचे. पाठीवर दोन कॅमेरे, चार लेन्स आणि बाजूला बांधलेली तिपाई अशी भरगच्च सॅक होती. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा तो डोंगर सकाळच्या उन्हात उजळला होता. लेण्यांसमोरच्या पायवाटेवर उभा राहून मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अधिक चांगली चौकट मिळावी म्हणून झटकन वळलो. मागे काही झाल्याचे मला कळलेच नाही. एक आवाज ऐकू आला तेव्हा मी मान वळवली. खेड्यातून आलेली एक वृद्ध बाई माझ्या सॅकचा धक्का लागून पायरीवरून घसरली होती. रिकामी डोली घेऊन चाललेल्या माणसांपैकी एकाने दांडी सोडून तिला दंडाला धरून सावरले होते, म्हणून ती पडली नाही. तिचा मुलगा संतापला, आणि ते योग्यच होते. मी क्षमा मागू लागलो. ती माउली मुलाला म्हणाली, "जाऊ दे रे. त्यांच्या पाठीला काय डोळे हायेत?"

तिने मला क्षमा केली होती. तिच्या शब्दांत माझ्यावरचा नेमका आरोपही होता, हे तिच्या ध्यानीमनी नसेल. माझ्या पाठीवर वीतभर पुढे आलेले एक ओझे होते. ते माझ्या सोयीचे होते, पण त्याचा उपद्रव मागच्याला होत होता. डोळ्यांपुढचे जग अधिक बारकाईने पाहता यावे म्हणून मी जे जे जमवले होते, त्यानेच मला मागच्या जगाविषयी आंधळे केले होते.

त्यानंतर चित्रांच्या लेण्यात शिरताना मी सॅक पाठीवरून काढून पोटाशी धरू लागलो. तेथे खांबांमधून वाट काढावी लागते. अंधाराला डोळे सरावलेले नसतात, आणि ज्या भिंतीवर दीड हजार वर्षे रंग टिकला तिला माझ्या सॅकच्या बकलाचा ओरखडा एका क्षणात पडू शकतो. फ्लॅशला तेथे बंदी आहे, तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. या नियमांवर चिडणारे अनेक भेटतात. परंतु अजिंठ्याचा इतिहास पाहिला तर नियमांपेक्षा आपल्याच हेतूंविषयी सावध व्हावेसे वाटते. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये येथील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्याने आयुष्याची कित्येक वर्षे या कामात घातली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली आणि त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. गिल छायाचित्रेही काढत असे आणि त्यांची पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनाने माखून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. काचा, रसायने, पाणी, तंबू हे ओझे एका माणसाच्या पाठीवर मावणारे नव्हते. ते इतरांच्या खांद्यांवरून जाई, आणि वाहणाऱ्यांची नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येत नसत.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फिरवले. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात जतनासाठी बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही लाखेचा लेप दिला. काळाच्या ओघात तो थर पिवळा आणि काळसर पडला. ही माणसे लुटारू नव्हती. या चित्रांवर त्यांचे प्रेम होते. पण आपल्याला आत्ता स्पष्ट दिसावे या उत्कटतेत आपल्यामागून येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मागे पडला. पाठीला डोळे नसतात, हे काळाच्या बाबतीतही खरे आहे.

मग उपाय काय? कॅमेरा टाकून द्यावा आणि मोकळ्या हातांनी जग पाहावे, असा सोपा उपदेश काही सज्जन करतात. मला तो पटत नाही. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बारा शिष्यांना पाठवताना वाटेसाठी झोळीदेखील घेऊ नका असे बजावले आहे, हे आपण सारे जाणतो. परंतु त्याच शुभवर्तमानात, अखेरच्या भोजनाच्या रात्री, तोच प्रभू शिष्यांना त्या दिवसांची आठवण देऊन, आता मात्र ज्याच्याकडे झोळी असेल त्याने ती घ्यावी असे सांगतो. त्या वचनाचे अर्थ धर्मपंडितांनी अनेक लावले आहेत. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की झोळी नसणे ही स्वतःच पुण्याई नव्हे. कोणत्या वाटेवर, कोणासाठी आणि किती, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते.

अजिंठ्याच्या विहारांतून राहिलेल्या भिक्षूंच्या परंपरेनेही हा विचार केलेला आहे. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके, एवढ्या आठच वस्तू भिक्षूच्या आवश्यक गणल्या गेल्या. यांतील शेवटची वस्तू मला फार मोलाची वाटते. पाणी गाळायचे ते पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या पोटात जाऊन मरू नयेत म्हणूनही. इतक्या मोजक्या सामानातही एक वस्तू दुसऱ्या जिवासाठी होती.

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेत तर प्रवाशाच्या झोळीला आशीर्वाद देण्याचा विधी होता. मध्ययुगात स्पेनमधील सान्तियागो दे कॉम्पोस्तेला येथे संत याकोबाच्या समाधीकडे निघालेल्या यात्रिकाला धर्मगुरू काठी आणि झोळी आशीर्वाद देऊन हाती देत. बाराव्या शतकातील 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या हस्तलिखितातील एका प्रवचनात त्या झोळीचा अर्थ उलगडला आहे. झोळी अरुंद असावी, कारण यात्रिकाचा भरवसा साठवणीवर नसून प्रभूवर असतो. ती मेलेल्या जनावराच्या कातड्याची असावी, कारण त्याने आपल्या वासना मारलेल्या असाव्यात. आणि तिचे तोंड बांधलेले नसावे, सदा उघडे असावे, कारण त्याने आपल्याजवळचे गरजवंताला द्यावे आणि मिळेल ते घ्यावे. आमच्या सॅकला मात्र चेनीवर चेन आणि वर कुलूप! ते सारे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. कष्टाच्या पैशाची वस्तू जपलीच पाहिजे. पण त्या उघड्या तोंडाच्या झोळीची आठवण ठेवून एखादा कप्पा तरी आपण दुसऱ्यासाठी मोकळा ठेवतो का, हे विचारायला हरकत नाही.

या साऱ्याचा उलगडा मला संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मिळाला. तेथे अवघ्या काही ओळींच्या अंतराने दोन वचने येतात. एकात पौल सांगतो की एकमेकांची ओझी वाहा. दुसऱ्यात म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. प्रथमदर्शनी हा विरोध वाटतो. परंतु मूळ ग्रीकमध्ये दोन ठिकाणी दोन निराळे शब्द आहेत. पहिला शब्द माणसाला दडपून टाकणाऱ्या ओझ्यासाठी वापरला जाई, तर दुसरा जहाजातील मालासाठी किंवा माणसाने वाहून न्यायच्या बोजासाठीही. म्हणजे आपला बोजा आपण वाहावा आणि जो ओझ्याखाली वाकला आहे त्याला खांदा द्यावा. या दोन आज्ञा एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट, पहिली पाळायची तर दुसरी नीट पाळावी लागते. ज्याचा स्वतःचा बोजाच मावेनासा झाला आहे, तो दुसऱ्याला खांदा कोठून देणार?

त्या सकाळी अजिंठ्यात हेच घडले होते. ज्याची डोली रिकामी होती त्याचा हात चटकन पुढे गेला. माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात आणि पाठ सामानात अडकलेली होती.

येथे कोणी विचारील, मग पैसे देऊन हमाल करावा, त्यालाही चार पैसे मिळतील. खरे आहे. कष्टाच्या मोलाला नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. गुडघे थकलेल्या आजीला डोलीतून लेणी दाखवणारी माणसे आदरास पात्र आहेत. ते पौलाच्या पहिल्या वचनातले ओझे. परंतु माझी चौथी लेन्स ही माझी हौस आहे. ती दुसऱ्याच्या खांद्यावर देण्यापूर्वी, ती मला खरोखर हवी आहे की मी केवळ भीतोय, एवढे तरी मी स्वतःला विचारले पाहिजे. रोख मोल दिल्याने हा प्रश्न मिटत नाही.

भाच्याला मी हे सारे ऐकवले नाही. एवढेच सांगितले की सॅक भरून घरातल्या जिन्यावरून तीनदा चढ-उतार कर, मग चालत्या माणसांमध्ये एकदा गर्रकन वळून पाहा, आणि मगच ठरव. त्याने मधली सॅक घेतली. जड लेन्स आणि तिपाई घरी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही वेरूळला गेलो. त्याच्या सॅकमध्ये एक कॅमेरा आणि एक लेन्स होती. उरलेल्या जागेत मामीची औषधे, तिची शाल आणि सगळ्यांचे पाणी गेले. कैलास लेणे वरून पाहण्यासाठी कडेच्या चढाने जाताना मामीला दम लागला. त्याने तिला हात दिला आणि दोघे सावकाश चढले.

वर पोहोचल्यावर शिखरावरच्या एका कोरीव भागावर क्षणभरच तिरपे ऊन पडले. दूरची लेन्स असती तर ते चित्र त्याला मिळाले असते. ती नव्हती. त्याचा चेहरा पडला. "गेलं, मामा," तो म्हणाला.

ते चित्र काही मोलाचे नव्हते, अशी खोटी समजूत मी त्याची घातली नाही. ते मोलाचेच होते, आणि ते खरोखर गेले होते. हलक्या सॅकची किंमत असते आणि ती कधीतरी अशी रोखीने द्यावी लागते, हे त्याला त्या दिवशी कळले. ती किंमत कशासाठी दिली, ते त्याचा हात धरून शेजारीच उभे होते.