दुरुस्ती कशास म्हणावी?

मोडलेली वस्तू पुन्हा चालू लागली म्हणजे ती दुरुस्त झाली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घड्याळ टिकटिकू लागले, पंप पाणी ओढू लागला, की कारागिराच्या हातावर पैसे ठेवून आपण मोकळे होतो. ही समजूत व्यवहारास पुरेशी असेल. पण नीतीच्या दृष्टीने ती पुरी पडते काय, हा प्रश्न आम्हांस एका अगदी क्षुल्लक भागावरून विचारार्ह वाटू लागला. तो भाग म्हणजे जुन्या मोटारीत, एसी चालू असता इंजिनास सावरून धरणारी एक लहानशी झडप.

यंत्रांशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा अवश्य आहे. मोटार उभी असता इंजिन मंद फिरत असते. मिस्त्री लोक यास ‘आयडलिंग’ म्हणतात. लहान गाडीत हे फेरे मिनिटास ८०० ते ९०० च्या आसपास, म्हणजे इंजिनाने केवळ आपला जीव धरून राहण्यापुरतेच असतात. अशा वेळी एसी लावला की कॉम्प्रेसरचे ओझे त्याच इंजिनावर पडते. फेरे घसरतात, गाडी थरथरते आणि प्रसंगी बंद पडते. कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांत यावर मोठी सुरेख तोड काढलेली असे. एसीची कळ दाबताच विजेची एक झडप उघडते, इंजिनातील हवेची ओढ एका रबरी पडद्यास लागते, पडदा दांडी खेचतो आणि कार्ब्युरेटरचे दार किंचित उघडून फेरे सावरले जातात. एसी बंद केला की ती ओढ नाहीशी होते व इंजिन पूर्वस्थितीस येते. ओझे असेल तेवढा वेळच जोर, ओझे उतरताच विश्रांती, हा या भागाचा धर्म होय.

आता कालगती अशी की, या गाड्या निघेनाशा झाल्या. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ साली सुरू होऊन २०१४ साली थांबले; तिचा कार्ब्युरेटर तर त्याच्या बऱ्याच आधी मागे पडला. ब्रेक आणि क्लच यांचे भाग बाजारात मिळत राहतात, कारण ते प्रत्येक गाडीस लागतात. एसीपुरत्या उपयोगाच्या झडपेला विचारतो कोण? दुकानदार मान हलवतो, आणि येथेच मिस्त्रीच्या नीतीची परीक्षा सुरू होते.

त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला अत्यंत सोपा. कार्ब्युरेटरवर एक स्क्रू असतो. तो थोडा आवळला की इंजिनाचे फेरे कायमचे वाढतात. मग एसी लावला तरी गाडी बंद पडत नाही. काम दोन मिनिटांचे, आणि गिऱ्हाईक खूष. परंतु आता एसी बंद असतानाही इंजिन विनाकारण जोराने फिरते. पेट्रोल जळते, दसरा चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या सायकलवाल्याच्या नाकातोंडात अधिक धूर जातो, गर्दीत चालकाने पाय उचलला तरी गाडी पुढे रेटू पाहते. म्हणजे दोष गेला नाही, त्याने केवळ जागा बदलली. पूर्वी तो मालकास त्रास देत होता, आता रस्त्यावरील परक्या माणसास देतो. आणि ज्यास त्रास होतो त्यास तक्रार कोणाकडे करावी हेही कळत नाही. अशा कृतीस आम्ही दुरुस्ती म्हणण्यास तयार नाही.

दुसरा मार्ग कष्टाचा आहे. झडप खरोखरच मेली आहे काय, हे आधी पाहावयाचे. पुष्कळदा ती जिवंतच असते. तिच्याकडे जाणारी रबरी नळी तडकलेली असते, नाहीतर तारेचे टोक गंजलेले असते. झडपच गेली असेल तर तितक्याच व्होल्टची, तितक्याच तोंडाची दुसऱ्या गाडीची झडप भंगारातून शोधावी लागते. पडदा फाटला असेल तर पेट्रोल व उष्णता सोसणाऱ्या रबरी कापडाचा नवा कापून बसवावा लागतो. मग एसी बंद ठेवून फेरे बेताचे करावयाचे, आणि एसी लावून पुन्हा जमवावयाचे.

कोल्हापुरास हे अवघड वाटू नये. शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभे राहून तुटक्या नमुन्यावरून नवा भाग काढून देणारे टर्नर आजही आहेत. परदेशी कॅमेऱ्याची वाट पाहत न बसता बाबूराव पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो याच गावी घडविला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. त्यांनी कॅमेऱ्याचे रूप तेवढे उचलले नाही. फिल्म किती थांबावी, किती सरकावी, हे कॅमेऱ्याचे मर्म त्यांनी ओळखले. एरवी पडद्यावर चित्र कसे स्थिर राहिले असते?

कोणी म्हणेल, परक्या गाडीची झडप बसविल्यावर ती गाडी मूळची राहिली काय? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजास रथाविषयी असाच पेच घालतो : आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठे आहे? रथ हे त्या सर्व भागांच्या मेळास दिलेले नाव आहे, असे तेथे ठरते. आमच्या विवेचनास तेवढे पुरे आहे. परकी झडप मेळ राखीत असेल तर ती आपलीच. मूळची असून मेळ बिघडवीत असेल तर ती परकी.

मग कारखानदाराचे काही कर्तव्य उरते की नाही? त्याने तोच भाग युगानुयुगे काढीत बसावे, ही अपेक्षा आम्हांस अन्याय्य वाटते. परंतु भाग देणे थांबले तरी त्याची मापे देणे कां थांबावे? भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली व त्याच वर्षअखेर त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले. मोटारी हे त्यातील एक क्षेत्र आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०१२ साली मतदारांनीच मोटारींविषयी असा कायदा मंजूर केला. मात्र हक्काची भाषा मालकाची आहे, हे विसरता कामा नये. मालकाचा हक्क सिद्ध झाल्याने सायकलवाल्याचा धूर कमी होत नाही.

त्यातही एक अडचण आहे. फार जुन्या गाड्यांच्या एसीत आर-१२ हा वायू असे. तो आकाशातील ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगाने त्यास निरोप दिला. भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला तरी पृथ्वीची उष्णता वाढवितो. तेव्हा एसीच्या नळ्याच गळत असतील तर झडप कितीही निगुतीने सुधारली तरी ते पुण्यकर्म होत नाही. ‘आधी गळती, मग गारवा, गळती थांबत नसेल तर खिडक्या उघडा’ असे गिऱ्हाइकास तोंडावर सांगणारा मिस्त्री आम्हांस अनेक उपदेशकांहून थोर वाटतो.

पण त्याने असे सांगावे, अर्धा दिवस खपून पडदा कापावा, आणि आपण स्क्रूचेच पैसे द्यावेत, हा कोणता न्याय? गाडी दोन्ही प्रकारे चालू लागते. बिलाचा आकडा मात्र निराळा असतो, आणि आपले डोळे त्या आकड्यावर असतात. वस्तुतः दोहोंतील फरक ओळखणे मुळीच कठीण नाही. गाडी ताब्यात घेताना ती उभी ठेवून एसी लावावा, थोडे थांबून तो बंद करावा आणि कान द्यावा. इंजिनाचा आवाज खाली उतरला तर मिस्त्रीस तो मागेल ते द्यावे.