दोन तासांचे उत्तर, चार महिन्यांचे मौन



काही वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात आम्ही काही जण घरोघरी भेटी देत होतो. एका घरी प्रार्थना झाली, चहा झाला. आतल्या खोलीत कोणीतरी सारखे खोकत होते. विचारल्यावर घरची आई म्हणाली, "दिवाळीपासून आहे. हवा बदलली की जाईल." निरोप घेताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "पोरीची सोयरीक चाललीय. तेवढी जमू द्या, मग दाखवू डॉक्टरला." आम्ही मान डोलावली आणि पुढच्या घरी गेलो.

हे घर कोणते, याचा शोध घेऊ नका. ओळख पटू नये म्हणून आम्ही तपशील बदलले आहेत. आज बोलायचे आहे ते त्या आईबद्दल नाही, आमच्या डोलावलेल्या मानेबद्दल.

क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तपासणीचा मुख्य मार्ग एकच होता : थुंकी काचेवर घ्यायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते या तपासणीत दिसतात. त्याहून कमी असले तर रोगी 'निरोगी' ठरून घरी परततो. जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे तर काही आठवडे थांबावे लागते, कारण हा जंतू फार सावकाश वाढतो.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्ट या यंत्राला मान्यता दिली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात याच तपासणीला 'सीबीनॅट' म्हणतात. हे यंत्र जंतूचा आनुवंशिक ठसा शोधते. मिलिलिटरमध्ये शे-दीडशे जंतू असले तरी त्याला सापडतात आणि दोन तासांच्या आत उत्तर मिळते. रिफॅम्पिसिन हे टीबीवरचे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही, तेही त्याच वेळी कळते. पुढे 'ट्रूनॅट' आले. ते आपल्या शेजारच्या गोव्यात, वेर्णे येथील मोलबायो या कंपनीचे. लहानसे आणि बॅटरीवर चालणारे हे यंत्र वीज जाते तिथेही उपयोगी पडते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली.

म्हणजे जे कळायला आठवडे लागत, ते आता एका सकाळीत कळू शकते. मग दिवाळीपासून उपवासकाळापर्यंतचे ते चार महिने कुठे गेले? यंत्राने ते घेतले नाहीत. ते आपण घेतले.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. स्वतःच्या शरीरात काय आहे हे जाणून न घेण्याचा माणसाला अधिकार आहे की नाही? एखादा वृद्ध म्हणेल, "मला काय झाले ते कळायला नको, उरलेले दिवस सुखाने जगू द्या." त्याच्याशी वाद घालायला आम्ही धजणार नाही. पण टीबी हवेतून पसरतो. खोकणाऱ्याचा श्वास घरातले सगळे घेतात. ज्या गोष्टीचा धोका दुसऱ्याला आहे, ती न जाणण्याचा अधिकार एकट्याचा कसा राहील? 'माहीत नव्हते' हे खरोखर माहीत नसणाऱ्याचे निमित्त होऊ शकते. विचारायचेच नाही असे ठरवणाऱ्याचे ते निमित्त होऊ शकत नाही.

हे आम्ही त्या आईला ऐकवावे का? ती अडाणी नव्हती. तिचा हिशेब चोख होता. तपासणीचे उत्तर दोन तासांत येईल, आणि तिसऱ्या तासाला ते गावभर होईल, हे तिला ठाऊक होते. पुढे मुलगी सहा महिन्यांत बरी झाली तरी 'त्या घरात टीबी होता' हे वाक्य बरे होणार नाही, हेही ठाऊक होते. ती जंतूला भीत नव्हती, आपल्याला भीत होती. आजार लपवणे ही चूक खरी; पण ज्यांच्या जिभेमुळे तो लपवावा लागतो, त्यांचा त्या चुकीत वाटा नाही काय?

तपासणी टाळली म्हणून उपचार थांबतात असेही नाही. मेडिकलवरून गोळ्या येतात, ओळखीतून इंजेक्शन मिळते. काही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात. खोकला थोडा कमी होतो, घरात हायसे वाटते आणि निदान आणखी लांबते. टीबीची औषधे चुकीची किंवा अपुरी घेतली तर जंतू त्यांना दाद देईनासा होतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. असा दाद न देणारा जंतू दुसऱ्याच्या छातीत जातो, तेव्हा तोही पहिल्यापासूनच दाद न देणारा असतो.

यंत्रालाही देव मानू नये. खोल खोकून काढलेल्या बेडक्याऐवजी नुसती लाळ दिली तर ते चुकू शकते. उत्तर 'नाही' आले आणि खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन चालूच राहिले, तर पुन्हा डॉक्टरकडे गेले पाहिजे. बरे झालेल्याच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचे अवशेष राहतात आणि यंत्र त्यांनाही 'आहे' म्हणू शकते. टीबीसाठी रक्तातील प्रतिद्रव्ये पाहणाऱ्या चाचण्या तर इतकी चुकीची उत्तरे देत, की भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. उत्तर झटपट मिळाले म्हणजे ते खरेच असते असे नाही.

आता त्या घराकडे परत येऊ. ईस्टरनंतर मुलीची तपासणी झाली. टीबी निघाला, सुदैवाने औषधांना दाद देणारा. पण तोवर घरातल्या चार वर्षांच्या भाच्याला ताप येऊ लागला होता. इतक्या लहान मुलाला बेडका काढता येत नाही. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातील पाणी काढून तपासावे लागते. त्याचे रडणे आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहून ऐकले. दोघेही बरे झाले. सोयरीक जमली की मोडली, हे आम्ही लिहिणार नाही. तो त्या घराचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न एवढाच, की त्या दिवशी दारात आम्ही मान डोलावण्याऐवजी "उद्या सकाळी आम्ही बरोबर येतो" असे म्हटले असते, तर त्या बाळाला नळी लागली असती का?

तपासणीचे उत्तर कोणाचे? आमच्या मते ते आधी रुग्णाचे. मग ज्यांचा श्वास त्याच्या श्वासात मिसळतो त्यांचे, म्हणजे घरच्यांचे आणि ज्या घरात तो राहायला जाणार त्या घराचे. त्यांना सांगणे हे त्याचे कर्तव्य. बाकी सर्वांचे कर्तव्य वेगळे आहे : विचारायचे नाही, आणि कळले तर पुढे सांगायचे नाही.

लेवीयच्या १३ व्या अध्यायात त्वचेवरचा डाग याजकाला दाखवायचा नियम आहे. शंका असेल तर याजक माणसाला सात दिवस वेगळे ठेवी आणि मग पुन्हा पाही. पण पाहणारा तोच याजक माणूस शुद्ध झाल्याचेही जाहीर करी. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठवतो, ते गावात परत जाण्याचा रस्ता मोकळा व्हावा म्हणून. आज 'आहे' किंवा 'नाही' हे यंत्र सांगते. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारणपणे काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना होणारा धोका फार कमी होतो, हे डॉक्टर सांगतात. पण "आता आत ये, आमच्या शेजारी बस" हे कोणते यंत्र सांगणार?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. जायला संकोच वाटत असेल तर आमच्यापैकी कोणालाही सांगा. आम्ही बरोबर येऊ, आणि आल्याचे कोणाला सांगणार नाही.