कामाला विचार

मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीत एक मुलगी आईबरोबर राहत होती. सकाळी ती दादरला एका दुकानात हिशेब लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरगुती समारंभांचे व्हिडिओ करून द्यायची. बारसं, डोहाळेजेवण, मंगळागौर, वास्तुशांत, कुणाच्या आजोबांची पंचाहत्तरी. ज्यांचं घर माणसांनी भरलेलं आणि खिसा बेताचा, अशी मंडळी तिच्याकडे यायची. ती स्वतःच्या फोनवर चित्रण करायची, दुसऱ्या कोपऱ्यात आईचा फोन स्टँडवर उभा करायची आणि रात्री घरी येऊन फोनवरच ते सगळं कापायची, जोडायची.

काम होत होतं, पण अडखळत. अंगठ्याखाली अर्धं चित्र झाकलं जायचं. दोन तुकड्यांच्या सांध्यावर नेमकं बोट टेकायचं नाही. ऐन रंगात कुणाचा तरी कॉल यायचा. वर फोन सारखा म्हणायचा, जागा संपली.

श्रावणाच्या तोंडावर आईला साठ हजारांची भिशी लागली. आईने पाकीट तिच्या हातात ठेवलं. म्हणाली, "तो टॅब की काय म्हणतेस, तो घे आता. पण नीट विचारून घे."

मुलगी आज्ञाधारक होती. विचारायला निघाली.

पहिल्यांदा ती घाटकोपरला एका मोठ्या दुकानात गेली. दुकानदाराने काचेच्या टेबलावर तीन टॅब मांडले. त्याने पडद्याची चमक दाखवली, पेन्सिल दाखवली, मागून जोडायचा कीबोर्ड दाखवला. "ताई, ऑफर रविवारपर्यंतच आहे. हप्ते करून देतो. लोक हाच नेतात." मुलीने वहीत लिहून घेतलं.

तिथून मेट्रोने ती अंधेरीला गेली. तिचा मावसभाऊ तिथे जाहिरातींच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये कामाला होता. तो म्हणाला, "घ्यायचा तर सगळ्यात वरचा घे. तेरा इंची. फायनल कट चालतं, 2023 पासून आयपॅडवर आलंय. डाविंची रिझॉल्व्ह त्याच्याही आधी आलं. रंगाचं काम करायचं तर तसा पडदा असलाच पाहिजे. आणि चित्रण फोर-के, साठ फ्रेमवरच करत जा. पाच वर्षं मागे बघायला नको." मुलीने तेही लिहून घेतलं.

अंधेरीहून लोकल धरून ती बोरिवलीला मैत्रिणीकडे गेली. मैत्रीण रांगोळीच्या छोट्या रील करायची. तिने आपला स्वस्तातला अँड्रॉइड टॅब दाखवला. "उगाच पैसे घालवू नकोस गं. ह्यात काइनमास्टर मस्त चालतं, आणि जागा कमी पडली की मेमरी कार्ड घालता येतं. माझं काय अडलंय?"

रात्री मुलगी घरी आली तेव्हा वहीची चार पानं भरली होती. चिप, रॅम, पडद्याचे इंच, पेन्सिलीची पिढी, हप्त्यांचा हिशेब. तिघांनीही मनापासून सांगितलं होतं. तिघांचंही पटत होतं. म्हणूनच तिला काही सुचत नव्हतं.

इमारतीच्या तळमजल्यावर एक आजोबा राहायचे. तरुणपणी ते अंधेरीच्या एका स्टुडिओत संकलकाचे सहायक होते. मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे गेली. आजोबांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि परत दिली.

"ह्यातलं मला काही कळत नाही, बाळा. आमच्या वेळी मुव्हिओला होतं, कात्री होती आणि चिकटवायची टेप होती. पण मला एक सांग. तुझं रीळ किती फुटांचं?"

मुलगी हसली. "आजोबा, आता फूट नसतात."

"नसू देत. पण लांबी तर असेल? आमच्याकडे डबा आला की सर म्हणायचे, आधी फूट सांग. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. किती रिळं आलीत हे कळलं, की टेबल केवढं लागेल, माणसं किती लागतील, रात्री किती जागायच्या, सगळं कळायचं. तुझ्या वहीत टॅबची सगळी मापं आहेत. तुझ्या कामाचं माप कुठंय?"

मुलगी गप्प झाली. ते तिने कुठेच लिहिलं नव्हतं.

आजोबांनी एकेक विचारायला सुरुवात केली. एका समारंभात किती वेळ चित्रण करतेस? एका वेळी किती चित्रं जोडतेस? कापायला कुठे बसतेस? लोक ते बघतात कशावर? द्यायचं किती दिवसांत? तिने उत्तरं दिली आणि आजोबांनी ती तिलाच लिहायला लावली. मंगळागौरीला दोन फोनवर पाऊण-पाऊण तास, म्हणजे दीड तास. एका वेळी दोन चित्रं, क्वचित तीन. कापायला रात्री घरी आणि जाता-येता लोकलमध्ये, बसायला मिळालं तर. लोक बघतात मोबाइलवर, फार तर घरच्या टीव्हीवर. द्यायचं चार दिवसांत.

मग तिने फोनची सेटिंग उघडली. एका मिनिटाच्या व्हिडिओला किती जागा लागते ते तिथेच लिहिलेलं होतं. साध्या एचडीला 60 एमबी. फोर-केला, तीस फ्रेमवर, 170. साठ फ्रेमवर 400. तिने नव्वद मिनिटांचा गुणाकार केला. मावसभावाच्या सांगण्याप्रमाणे साठ फ्रेमवर फोर-के केलं, तर एक मंगळागौर 36 जीबीची होत होती. चार मंगळागौरींत 128 जीबीचा टॅब भरून वाहिला असता. तीस फ्रेमवर तीच मंगळागौर पंधरा जीबीत बसत होती आणि साध्या एचडीत साडेपाचात.

"बघ," आजोबा म्हणाले, "रिळाचे फूट निघाले."

"पण आजोबा, त्यावरून टॅब कुठला ते कसं कळणार?"

आजोबा खुर्चीत मागे टेकले. "दादासाहेब फाळक्यांचं ठाऊक आहे ना? 1912 साली ते विलायतेला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. मनात सबंध चित्रपट काढायचा होता. पैसे मात्र कुणी देईना. मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा लावला. रोपाची वाढ होईल तसं त्याचं थोडं थोडं चित्रण करत गेले. महिनाभराने ते पडद्यावर लावलं, तर दाण्याचा वेल होताना बघणाऱ्याला मिनिटा-दोन मिनिटांत दिसला. पैसेवाल्यांचा विश्वास बसला तो ते बघून. पुढच्या वर्षी, 1913 च्या मे महिन्यात, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. कॅमेरा विलायतेचा होता हे सांगून कुणाचं समाधान झालं नसतं. त्याने काय होतं ते दाखवावं लागलं. तूही तुझा वाटाणा घेऊन जा."

"म्हणजे?"

"तुझं सगळ्यात अवघड काम कुठलं? ते बरोबर घे. ज्याने ज्याने सल्ला दिला त्याच्या टॅबवर ते करून बघ. आता तोंडाने काही विचारू नकोस."

मुलीने गेल्या श्रावणातली एक मंगळागौर काढली. अंधारा हॉल, पिवळे दिवे, दोन फोन, झपाझप फिरणाऱ्या फुगड्या. त्यातला पाच मिनिटांचा तुकडा दोन्ही फोनवरून घेऊन तिने एका पेनड्राइव्हमध्ये भरला. दुसऱ्या रविवारी ती पुन्हा निघाली.

ह्या वेळी ती आधी बोरिवलीला गेली. मैत्रिणीच्या टॅबवर फाइल यायलाच बराच वेळ गेला. एक चित्र नीट चाललं. त्यावर दुसरं ठेवलं आणि एकातून दुसरं विरघळवायला गेली, तर फुगडी अडकू लागली. बायका हवेत थांबायच्या आणि मग एकदम पुढे उडी मारायच्या. मैत्रीण म्हणाली, "माझ्या रांगोळीला असं कधी होत नाही गं." ते खरंच होतं. रांगोळी एका फोनवरून यायची आणि एक मिनिटात संपायची.

मग ती अंधेरीला गेली. मावसभावाच्या तेरा इंची टॅबवर दोन काय, चार चित्रं एकावर एक ठेवली तरी कुठे अडकलं नाही. फुगडी तेलासारखी सरकली. मुलगी खूश झाली. भाऊ म्हणाला, "आता हा हेडफोन लाव आणि ऐक."

तिने हेडफोन लावला. पंखा ऐकू आला. ताटं-वाट्या ऐकू आल्या. कुणाचं तरी बाळ रडलं. गाणाऱ्या बायकांचा आवाज मात्र दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा होता. आणि एका आजीने घेतलेला उखाणा, ज्यावर सगळा हॉल हसला होता, तो कळतच नव्हता. हसणं तेवढं ऐकू आलं.

"दादा, ह्या टॅबमध्ये आवाज असा येतो?"

"टॅबमध्ये नाही गं. तुझ्या फाइलमध्येच तो असा आहे. फोन हॉलच्या कोपऱ्यात, आजी मधोमध. चित्र मी सुधारून देईन, पण जे टिपलंच नाही ते कुठून आणू?"

मुलीने तो टॅब हातात धरून पाहिला. संध्याकाळच्या लोकलमध्ये, दोन्ही बाजूंनी खांदे लागत असताना, तो मांडीवर कसा मावेल हे तिने मनात करून पाहिलं. तो मावत नव्हता.

शेवटी ती घाटकोपरच्या दुकानात आली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार आधी नको म्हणाला, मग तिची चिकाटी बघून त्याने अकरा इंची, मधल्या किमतीचा एक टॅब तिच्यापुढे ठेवला. मॉडेल आदल्या वर्षीचं होतं. तिने फाइल चढवली, दोन चित्रं ठेवली, मग तिसरं ठेवलं. फुगडी थांबली नाही. पाच मिनिटांचा तुकडा तयार व्हायला किती वेळ लागतो ते तिने घड्याळावर पाहिलं. पेन्सिल आणि कीबोर्ड तिने परत केले, कारण सबंध कामात तिचा हात त्यांच्याकडे एकदाही गेला नव्हता.

तिने तो टॅब घेतला. उरलेल्या पैशात दोन वस्तू आणखी घेतल्या. एक बाहेरून जोडायची छोटी एसएसडी, म्हणजे झालेलं काम तिकडे हलवून टॅब मोकळा ठेवता येईल. आणि एक कॉलरला लावायचा वायरलेस माइक. हा माइक तिच्या वहीच्या चारही पानांत कुठे नव्हता. त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं.

श्रावणात पहिली मंगळागौर आली. मुलीने फोर-के तीस फ्रेमवर चित्रण केलं आणि माइक पुढच्या आजींच्या पदराला लावला. जाता-येता ती लोकलमध्ये कापत होती. चौथ्या दिवशी व्हिडिओ त्या घरी गेला. रात्री त्या आजींचाच फोन आला. त्यांनी चित्राबद्दल काही म्हटलं नाही. म्हणाल्या, "अगं, माझा उखाणा जशाचा तसा आलाय. नातीने तो अमेरिकेत बसून ऐकला."

मुलीने ते तळमजल्यावर जाऊन सांगितलं. आजोबांनी विचारलं, "मग सल्ला कुणाचा चुकला?"

मुलगी थोडा वेळ विचार करत राहिली. "कुणाचाच नाही. दादाने त्याच्या जाहिरातींसाठी सांगितलं होतं, मैत्रिणीने तिच्या रांगोळीसाठी. दुकानदाराने त्याच्या दुकानासाठी. माझ्या मंगळागौरीसाठी सांगायला तिथे कुणी नव्हतं."

विकत घ्यायची वस्तू आपल्याला स्वतःचे गुण सांगते. सल्ला देणारा स्वतःच्या गरजा सांगतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. आपली गरज फक्त आपलं काम सांगू शकतं, पण ते मोठ्याने बोलत नाही. त्याची लांबी मोजावी लागते, ते हाताने करून पाहावं लागतं, त्यातलं सगळ्यात अवघड ते निवडून समोर ठेवावं लागतं. असं केलं, की काय घ्यावं हे तर कळतंच, आणि जे कुणाच्याच यादीत नव्हतं पण ज्यावाचून काम अडलं होतं, तेही कळतं. म्हणून मोठा खर्च करण्याआधी चार जणांना जरूर विचारावं, पण पाचवं आपल्या कामाला विचारावं, आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा.