वाचून मग सही

मुलं मोठी होऊन घराबाहेर पडतात तेव्हा त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यातलं बहुतेक त्यांनी आधीच ऐकलेलं असतं. जेवणाच्या वेळा सांभाळा, संगत बघून ठेवा, पैसा जपून वापरा. मीही हे सगळं सांगत आले. पण यंदा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, मुलीला अठरा पूर्ण झाली, आणि दोघांना सांगायचं माझं सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं. वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

मुलाला ही गोष्ट किरकोळ वाटली. मला ती तशी वाटत नाही. आपला करार कायदा १८७२ चा. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाने केलेला करार त्या कायद्यापुढे उभाच राहत नाही. सतराव्या वर्षी मुलाने कशावरही सही केली तरी कायदा त्याला पाठीशी घालतो. अठरा पूर्ण झाली की तो आधार त्याच दिवशी संपतो. मतदारयादीत नाव घालायची आठवण सगळे करून देतात, वाहन परवान्यासाठी मुलं स्वतःच धावतात. पण यापुढे तुझी सही तुला बांधून घालणार आहे, हे घरातलं कुणी त्या दिवशी सांगत नाही.

मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. कर्ज मंजूर झालं की कागदांचा गठ्ठा तयार व्हायचा आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या केलेल्या असायच्या. कर्जदार समोर बसला की एकच वाक्य ऐकू यायचं, "फुली केलीय तिथं सही करा." पंख्याच्या वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून माणूस डाव्या हाताने गठ्ठा दाबून धरायचा, उजव्या हाताने सही करायचा, आणि पान उलटायचा तो आमचा कारकून. वेग सगळा कारकुनाचा. शिक्षक, इंजिनीअर, दुकानदार, सगळे असेच सह्या करत. वाचता येत नव्हतं असं त्यांच्यातल्या कुणाच्याच बाबतीत नव्हतं. मागे रांग आहे, साहेब घड्याळाकडे बघतायत, आपल्यामुळे खोळंबा नको, एवढंच त्यांच्या मनात असायचं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते मी त्या टेबलावर रोज बघत होते.

एक आजी मात्र आठवतात. विहिरीच्या मोटारीसाठी कर्ज होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेच्या गणवेशातल्या नातीला त्यांनी बरोबर आणलं होतं. कारकुनाने शाईचा पॅड पुढे सरकवला, तर आजींनी हात पदराखाली घेतला आणि नातीला म्हणाल्या, "वाच गं पहिल्यापासून." पोरगी वाचू लागली. 'तारण' आलं, 'दंडव्याज' आलं, प्रत्येक जड शब्दाला ती अडखळत होती. आजी मध्येच थांबवत आणि आम्हाला विचारत. हप्ता पावसाळ्यात चुकला तर काय करता? गहाण लिहिलेला गट सगळा आहे का माझा हिस्सा तेवढाच? दुसऱ्या प्रश्नावर आमच्या साहेबांनी कागद मागून घेतला, कारण क्षेत्र खरोखरच जास्त पडलं होतं. ते दुरुस्त झालं, मगच आजींनी अंगठा टेकवला. त्यानंतर माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणत असे, "बसा, वाचून घ्या, मला घाई नाही." बहुतेक जण हसून म्हणत, "तुमच्यावर विश्वास आहे मॅडम." तो विश्वास मला कधीच सुखाचा वाटला नाही.

आपल्या भागात या गोष्टीला जुना आणि कडू इतिहास आहे. दख्खनच्या कुणब्याला सावकार खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, कर्ज देत असे. १८५९ मध्ये सरकारने कायदा करून खताची मुदत तीन वर्षांवर आणली, हेतू असा की व्याज फार साचू नये. सावकारांनी त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवं खत लिहायचं आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून धरायचं. शेतकरी अंगठा देत गेला. कागदात काय आहे हे त्याला सांगणारा माणूस सावकाराच्याच बाजूचा असायचा. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, लोकांचा संयम सुटला. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेलं. लोकांनी सावकारांच्या घरांतून मुख्यतः मागितली ती खतं आणि वह्या, आणि चौकात आणून जाळल्या. माणसांवर हात टाकल्याचे प्रकार त्या मानाने थोडे. आपलं आयुष्य त्या कागदांत अडकलंय हे त्यांना पक्कं कळलं होतं, काय लिहून अडकवलंय तेवढं कळत नव्हतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्यांचे दस्त गावच्या निबंधकापुढे व्हावेत अशी तरतूद त्यात आली. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्ये, याच काळात. शिकण्याचा आग्रह त्यांनी इतक्या पोटतिडकीने का धरला हे समजायला मला कर्ज विभागातलं ते टेबल पुरेसं झालं. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी ज्यासाठी शेण-दगड सोसले ती अक्षरं आपल्याला येतात. ती येत असून न वाचता सही करणं मला मनापासून खुपतं.

सगळ्यात जास्त घरं मी जामीनकीत बुडताना पाहिली आहेत. सासरच्या नात्यातले एक काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सोबतच्या शिक्षकाने एका पतसंस्थेतून कर्ज काढलं, त्याला दोन जामीनदार हवे होते. मधल्या सुट्टीत कागद आला, काकांनी डबा बाजूला ठेवून सही केली. जामीनदार म्हणजे ओळख पटवणारा, असाच त्यांचा समज. मित्राचे हप्ते थकले, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि काकांच्या पगारातून कपात सुरू झाली. आधी मूळ कर्जदाराला पकडा, असं ते सगळ्यांना सांगत फिरले. करार कायद्याचं १२८ वं कलम तसं म्हणत नाही. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पैसे देणारा दोघांपैकी कुणाच्याही दारात उभा राहू शकतो. त्या वर्षी काकूंनी पाटल्या मोडल्या आणि मुलीची फी भरली. ज्याच्यासाठी सही केली त्याच्याशी काका पुढे कधी बोलले नाहीत. पैसे हळूहळू फिटले, मैत्री मात्र गेली ती गेलीच.

म्हणून मुलाला मी सांगितलं, जामीन राहायची वेळ आली तर ते सगळं कर्ज आपणच काढलंय असं धरून हिशेब मांड. झेपत असेल तर खुशाल राहा, मित्राला मदत करणं चांगलंच. झेपत नसेल तर तोंडावर नाही म्हण आणि जमेल तेवढी रक्कम त्याच्या हातात ठेव, परत मागायची नाही असं मनाशी ठरवून. नाही म्हटल्याने मित्र दुरावलाच तर तो आज दुरावेल. काकांच्या मित्रासारखा पाटल्या मोडायला लावून नाही.

कोऱ्या चेकवर, कोऱ्या मुद्रांकावर सही नाही. याला अपवाद नाही, घरच्यांसाठीही नाही. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने नंतर रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिला होता असं कायदा धरून चालतो, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. आयुर्विम्याच्या पॉलिसीचं त्या मानाने सोपं आहे, हातात पडल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. पण त्यासाठी त्या ३० दिवसांत ती उघडून बघावी लागते.

फोनवर 'मान्य आहे'च्या चौकटीत बोट लावणं हीसुद्धा सहीच. आजची मुलं सर्वांत जास्त करार तिथेच करतात, रिक्षात, जेवताना, झोपेत अर्धे डोळे मिटलेले असताना. कर्जाच्या बाबतीत एक चांगली सोय झाली आहे, ती मुलांना माहीत असावी. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलं. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, व्याजाबरोबर बाकीचे आकार धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, ते त्यात लिहावं लागतं. सात दिवस वा त्याहून जास्त मुदतीचं कर्ज असेल तर त्या पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. तेव्हा आत्ताच्या आत्ता दाबा, नाहीतर हा दर जाईल, असं कुणी फोनवर म्हणालं तर त्याला हे तीन दिवस सांगायचे. विचार करायला वेळ मिळावा म्हणूनच ते ठेवलेत.

मुलाला याचा उपयोग लवकर झाला, तोही भाड्याच्या घरात. चौघे मित्र मिळून फ्लॅट घेत होते. एजंटने लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा दाखवला, त्यात परवानाधारक म्हणून एकट्या माझ्या मुलाचं नाव, कारण पगाराची स्लिप त्याच्याकडे होती. "सगळे असंच करतात," एजंट म्हणाला. मुलाने एक दिवस मागून घेतला आणि रात्री मला फोनवर सगळी कलमं वाचून दाखवली. मध्येच कुणी निघून गेलं तर पूर्ण भाडं त्याच्यावर येणार होतं, आणि सहा महिन्यांच्या आत घर सोडलं तर अनामत रक्कमही जाणार होती. दुसऱ्या दिवशी त्याने चौघांची नावं घालायला लावली. घरमालकांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगा मला म्हणाला, "आई, वाचायला वेळ मागताना लाज वाटली, पण पाचच मिनिटं." तेवढी पाच मिनिटं सोसता आली की पुढचं सोपं असतं, असा माझा अनुभव आहे.

मुलीशी बोलले तेव्हा विषय वेगळा निघाला. आमच्याकडे वडील गेले की तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगायच्या आत, भाऊ बहिणीला तालुक्याच्या गावी नेतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर मजकूर आधीच टाइप करून तयार असतो. वडिलांच्या आठवणीने बहिणीचे डोळे अजून सुजलेले असतात. ती हक्कसोडपत्रावर सही करते, साडीचोळी घेते आणि संध्याकाळच्या एसटीने सासरी जाते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, देशभर ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, आणि हा हक्क जन्मानेच मिळतो, त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. इतकं होऊनही तो दिवस तसाच येतो आणि तसाच जातो. बहिणीने हक्क सोडू नये असं माझं म्हणणं नाही. भावाची ओढग्रस्त बघून कितीतरी जणी समजून-उमजून सोडतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण काय सोडतोय हे माहीत नसताना, माहेर तुटेल या धाकाने केलेली सही मला त्या खतांवरच्या अंगठ्यांहून वेगळी वाटत नाही. मुलीला मी एवढंच म्हटलं, तुझ्यावर अशी वेळ आली तर कागद पर्समध्ये घाल आणि घरी ये.

मुलाला सांगितलं ते याहून अवघड होतं, आणि ते मी त्याला फोनवर नाही, घरी आला तेव्हा समोर बसवून सांगितलं. गावी सातबाऱ्यावर आपली थोडी जमीन आहे, हे घर आहे. आमच्यामागे कधी कागद करायची वेळ आली तर त्याची प्रत बहिणीच्या हातात निदान पंधरा दिवस आधी दे. तिच्या माहितीच्या वकिलाकडे तिला जाऊ दे, तुझ्या नाही. मी सोडते दादा, असं ती आपणहून म्हणाली तरी जमीन किती गुंठे आहे, आजच्या भावाने तिची किंमत किती, हे तूच तिच्याशेजारी बसून सांग. आणि तिने नाही म्हटलं, तर त्या वर्षीच्या राखीपौर्णिमेला तिला आणायला स्टँडवर तू स्वतः जायचंस.