पहिल्या कृतीचा न्याय

गेल्या पावसाळ्यात जयपूरच्या आमच्या घरी भाच्याने एक इंग्रजी ध्वनिमुद्रिका आणली. पाश्चात्त्य संगीतावर त्याचे जितके प्रेम तितकेच माझे त्याविषयी अज्ञान. तथापि एका छपराखाली राहणाऱ्यांनी परस्परांचे छंद अधूनमधून सोसावेत, असा आमच्यात अलिखित करार आहे. 'जेनेसिस' या इंग्लंडमधील वाद्यवृंदाची ती पहिली तबकडी, १९६९ च्या मार्चमध्ये डेक्का कंपनीने प्रसिद्ध केलेली. पुढे याच मंडळींनी 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ, गुंतागुंतीच्या रचनांच्या संगीतात मोठे नाव मिळवले. ते उत्तरकालीन संगीत ऐकूनच भाचा या आरंभाकडे वळला होता. दोन्ही बाजू वाजून संपल्या तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

मला अनभिज्ञाला गाणी गोड वाटली. परंतु "हे त्यांचे नव्हेच" हा त्याचा अभिप्राय तबकडीचा इतिहास ऐकल्यावर मलाही पटला. चार्टरहाउस या शाळेतली ही मुले. १९६८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी लंडनला जाऊन ध्वनिमुद्रण केले. निर्माता जोनाथन किंग हा त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याला छोटी, सुबक गाणी हवी होती, आणि त्याची मर्जी राखण्यासाठी मुलांनी त्याच्या आवडत्या 'बी जीज' या गायकवृंदाच्या साच्यातले एक गाणे आधीच रचून दिले होते. मनाच्या भ्रमावस्थेचा आभास निर्माण करणाऱ्या 'सायकेडेलिक' गाण्यांची तेव्हा इंग्लंडात लाट होती. तिचे शिंतोडेही या तबकडीवर उडाले आहेत. त्यावर कडी म्हणजे, मुलांच्या नकळत त्यांच्या वादनावर व्हायोलिनादी वाद्यांचा साज चढवण्यात आला. वेष्टन काळे, त्यावर वृंदाचे नावच नाही, आणि शीर्षक बायबलची आठवण देणारे. त्यामुळे काही दुकानदारांनी ही तबकडी धार्मिक संगीताच्या कप्प्यात ठेवली. प्रती खपल्या त्या साडेसहाशेच्या आसपास.

"मामा, पुढे ही मुले कोण झाली हे ध्यानात घ्या, म्हणजे तुम्ही त्यांना क्षमा कराल," भाचा म्हणाला. त्याचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. पुढील कीर्ती तारण घेऊन मागील कर्ज माफ करणे, ही सावकारी झाली. तिला क्षमा म्हणावे काय? ज्यांच्यापाशी असे तारण कधीच जमले नाही, त्यांच्या पहिल्या कृतीचे काय?

जयपुरात बसून हा विचार करताना अल्लादिया खाँसाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. १८५५ साली जयपूर संस्थानातील उणियाऱ्यास त्यांचा जन्म झाला. काका जहाँगीर खाँ यांच्यापाशी तालीम घेऊन ते गवई झाले. परंतु माळव्यातील एका ठाकुराच्या दरबारी अतिरिक्त गाणे झाल्याने त्यांचा आवाज गेला. जो जड आवाज उरला त्याला काय साधेल याचा शोध घेत त्यांनी नवी गायकी उभी केली. शाहू महाराजांच्या आश्रयाने ती कोल्हापुरात रुजली, आणि केसरबाई, मोगूबाई यांच्या कंठांतून जयपूरचे नाव घेऊन महाराष्ट्रभर फिरली. खाँसाहेबांनी आपले गाणे कधी तबकडीवर दिले नाही. त्यांच्या आवाजाची ती पहिली अवस्था कशी होती हे सांगणारे श्रोते केव्हाच गेले. त्यांचा पूर्वार्ध काढून चहाबरोबर कोणी वाजवू शकत नाही.

इंग्लंडच्या मुलांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्याकडेच राहिले, आणि निरनिराळ्या नावांनी ते पुनःपुन्हा बाजारात येत राहिले. मात्र एका बाबतीत ती खाँसाहेबांइतकीच सुदैवी ठरली: त्यांच्यासाठी कोणी तरी थांबले. दुसऱ्या एका कंपनीने त्यांना हाताशी धरले आणि १९७० मध्ये त्यांची पुढची तबकडी निघाली.

हा प्रश्न माझ्यापुरता निव्वळ तात्त्विक नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका गणेशोत्सवात एक तरुण गायला. एका विख्यात गवयाच्या हरकती, त्याचे हातवारे, किंबहुना त्याचे श्वास घेणेसुद्धा त्याने उचलले होते. गाणे संपल्यावर मी चारचौघांत म्हणालो, "यापेक्षा तबकडीच लावली असती तर बरे झाले असते." मंडळी हसली. तो तरुणही हसला. त्यानंतर तो आमच्यात पुन्हा कधी गायला नाही. पुढे नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला. माझा अभिप्राय चुकीचा नव्हता. ते गाणे नक्कलच होते, हे मी आजही म्हणेन. परंतु पुढे थोर होऊन मला लाजवणारे त्याचे गाणे झालेच नाही. तेव्हा मी निर्दोष ठरलो काय?

मला वाटते, इथे दोन न्याय वेगळे करावे लागतात. कृतीचा न्याय खराच हवा. ही तबकडी निराशा करते, आणि नंतरच्या कीर्तीने तिची गोडी तिळभरही वाढत नाही. कर्त्याचा निकाल मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी लावता येत नाही. उसन्या आवाजाने आरंभ करणे हा दोष नसून शिकण्याची रीत आहे. आपल्याकडे शागीर्द वर्षानुवर्षे उस्तादाचीच नक्कल करतो. फक्त ती तालमीच्या खोलीत, दाराआड होते, आणि उस्तादाची आज्ञा झाल्याखेरीज तो मैफलीत बसत नाही. ती मुले आणि तो तरुण यांना ती खोली मिळाली नव्हती, एवढेच. त्या खोलीत जी सवलत प्रत्येक शागिर्दाला मिळते, ती बाहेरच्या नवख्यालाही मिळायला हवी; तो पुढे मोठा होणार की नाही, हे न विचारता.

भाच्याने तबकडी विकून टाकण्याचा विचार बोलून दाखवला. मी ती ठेवायला सांगितली, आणि पुन्हा एकदा लावायलाही. व्हायोलिनांच्या मागे कुठे तरी एका मुलाचा संकोचलेला आवाज आहे. तो या खेपेस मला नीट ऐकू आला. त्या तरुणाचे गाणे मात्र आता पुन्हा लावता येत नाही.