आर्द्रेचं मरण

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधलेल्या कलमा पावसाळ्याची वाट पाहत असतात. मिरग कोरडा गेला की सगळ्यांची भिस्त आर्द्रांवर. ताण दिलेल्या बागांचा मृग बहारही याच पावसाने फुटतो. ज्या ताऱ्यावरून आर्द्रा नक्षत्र ओळखलं जातं तो काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, त्या दिवसांत सूर्याच्या तेजात लपलेला असतो. तो दिसतो हिवाळ्यात, आंब्या बहाराची संत्री उतरू लागली की, मृगाच्या चौकोनातला शेंदरी ठिपका होऊन.

आर्द्रेची देवता रुद्र. संहारकर्त्याच्या नक्षत्रातला हा तारा स्वतःच मरणपंथाला लागला आहे. मग अविनाशी म्हणायचं तरी कशाला?

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा. वस्तुमान सूर्याच्या १५ ते २० पट, वय जेमतेम १ कोटी वर्षं. सूर्य ४६० कोटी वर्षांचा होऊनही भर तारुण्यात आहे, कारण तो इंधन बेताने जाळतो. भारी ताऱ्याला ते जमत नाही. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर काक्षी इतका फुगला, की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. पृष्ठभाग सुमारे ३,३०० अंशांपर्यंत निवला, म्हणून तो तांबडा. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी मंदावला तेव्हा स्फोटाची चर्चा जगभर उठली. पण त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली होती आणि ती आड आली होती. खरा स्फोट व्हायला लाखभर वर्षंही लागू शकतात.

शेवट मात्र झपाट्याने येतो. हेलियम, कार्बन, निऑन, ऑक्सिजन असं एकेक इंधन सरतं. सिलिकॉन तर दिवसभरात संपतं. उरतं लोखंड, आणि लोखंडाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार सुटलेला गाभा सेकंदाच्या आत कोसळतो.

अविनाशी काय, यावर कणादांचं वैशेषिक दर्शन सांगतं, की प्रलयात वस्तू मोडतात, परमाणू मात्र नित्य राहतात. आजचा अणू म्हणजे कणादांचा परमाणू नव्हे, हे खरं. तरीही त्या गाभ्यात जे घडतं ते या मताला जड जाणारं आहे. लाखो वर्षं खपून घडवलेली अणुकेंद्रं तिथे फुटतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळून न्यूट्रॉन होतात. सगळंच अनित्य म्हणणाऱ्या बौद्धांची बाजू इथे अधिक पटते. पण तेवढ्याने रुद्राचं काम पुरतं कळत नाही. बाहेरचे थर अवकाशात उधळले जातात, आणि विश्वातला बहुतेक ऑक्सिजन अशाच भारी ताऱ्यांकडून आलेला आहे. संत्र्याच्या रसातलं पाणी वजनाने मुख्यतः ऑक्सिजनच. काक्षीच्याही आधी कधीतरी मेलेल्या ताऱ्यांचं ते देणं शेंदूरजनाघाटच्या फळात आहे.

काक्षी फुटेल तेव्हा काही महिने दिवसाही दिसेल, मग नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होईल. पंचांगातली आर्द्रा त्याने अडणार नाही. ती क्रांतिवृत्ताचा १३ अंश २० कलांचा भाग आहे. सूर्य तिथे शिरला की आर्द्रा लागल्या, मग तिथे तारा असो वा नसो.